गादीची जुनी कंबरदुखी: सुई, दुर्बीण की आणखी थोडी वाट? उपचार टप्प्याटप्प्याने कसा ठरवायचा

आपल्याकडे कंबर दुखायला लागली की घरातलं कुणीतरी निदान करून मोकळं होतं: "मणक्यात गॅप आलीय." एमआरआय झाला की शब्द बदलतात, "गादी सरकलीय", "नस दबलीय". आणि मग कुणीतरी सांगतं की आता ऑपरेशन लागत नाही, सुईने होतं, सकाळी जा नि संध्याकाळी घरी या. सुईने बरंच काही होतं हे खरं. पण कुठली सुई कशासाठी, हे ठरवल्याशिवाय टेबलावर झोपू नका, एवढ्यासाठी हा लेख.

मी डॉक्टर नाही. आरोग्यावर लिहितो, आणि चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीने मला सहा वर्षं चांगलंच शिकवलं आहे. इथे जे आहे त्याच्या आधारे डॉक्टरांशी बोला. त्यांच्याऐवजी हे वापरू नका.

पहिली पायरी: दुखणं कमरेचं की पायाचं?

पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं आहे, म्हणून इथे घाई नको.

दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून घट्ट विणलेली कडा आणि आत जेलीसारखा गर. कडेला चीर पडून गर बाहेर आला आणि शेजारच्या नसेला टेकला, की दुखतो तो पाय. कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा. पाचव्या कमरेच्या नसेची कळ साधारण पोटरीच्या बाहेरून पायाच्या अंगठ्याकडे जाते. तिच्या खालच्या नसेची पोटरीमागून टाच नि करंगळीकडे. हीच सायटिका.

दुसऱ्या प्रकारात नसेला कुणी हात लावलेला नसतो. गादीच झिजलेली, चिरलेली असते. गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचं पोषण वरखालच्या मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपून येतं. म्हणून ती भरून यायला फार वेळ लावते. तिच्या बाहेरच्या कडेत मात्र बारीक संवेदना-तंतू असतात, आणि मणक्याच्या हाडात शिरून त्या पृष्ठभागापर्यंत पोचणारी एक वेगळी नस असते, बेसिव्हर्टेब्रल नर्व्ह. हे दुखणं कमरेच्या मधोमध, खोल, ठणकल्यासारखं. बसल्यावर वाढतं, पुढे वाकून बादली उचलताना वाढतं, एसटीत तीन तास बसून उतरताना माणूस काटकोनात उतरतो. उभं राहिलं, चाललं की थोडं सैल होतं.

उलट घडत असेल, म्हणजे चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, तर विशेषतः साठीनंतर मणक्याची नळी अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. तो विषय वेगळा.

घरी करून बघण्यासारखं एवढंच: टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. एका बाजूचा पाय साथ देत नसेल तर ती नसेची ताकद कमी झाल्याची खूण आहे, आणि मग हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

मग एका कागदावर लिहा: शंभरातलं किती दुखणं कमरेत, किती पायात. "सत्तर पाय, तीस कंबर" असं. हा कागद पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवायचा आहे. कारण बाजारातले बहुतेक सुईचे उपचार पायाच्या दुखण्यासाठी तयार झाले, आणि दिले जातात मात्र कमरेच्या दुखण्यालाही. मला स्वतःला, पायात काडीचंही दुखत नसताना, एका दवाखान्यात तीन एपिड्यूरल इंजेक्शनांचं (नसेच्या आवरणाबाहेर स्टेरॉइड सोडणाऱ्या) पॅकेज सुचवलं गेलं होतं. दोन घेतली. दोन्ही वेळा आठ दिवस छान गेले.

दुसरी पायरी: थांबायचं नाही अशी लक्षणं

लघवी अडणं किंवा कळत नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं: ही त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्री, मोठ्या हॉस्पिटलात जायची लक्षणं आहेत. इथे सुई नाही, तातडीची शस्त्रक्रिया लागते, आणि उशिराची किंमत आयुष्यभर मोजावी लागते.

पाऊल लोंबकळायला लागलं, चप्पल पायातून निसटते पण कळत नाही, हेही तातडीचं. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, यांचाही शोध आधी घ्यायचा. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून सर्रास आढळतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीचा आव आणतो.

तिसरी पायरी: एमआरआयचा रिपोर्ट घाबरून न वाचता वाचणं

रिपोर्टमध्ये 'डिजनरेशन' (झीज), 'डेसिकेशन' (सुकणं), 'बल्ज' (फुगवटा) हे शब्द बघून लोकांचे चेहरे उतरतात. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली: काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांत गादीची झीज दिसते, आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांत. केस पिकावेत तसं हे. म्हणून रिपोर्टवर नव्हे, रिपोर्ट आणि तुमचा कागद जुळतो का यावर उपचार ठरतो. डाव्या बाजूची गादी आणि उजवा पाय दुखतोय, तर ती गादी बहुधा निर्दोष आहे.

तीन गोष्टी मात्र नीट शोधा. एक, कुठल्या पातळीवर आणि कुठल्या बाजूला. दोन, बाहेर आलेल्या भागाला काय म्हटलंय: बल्ज, प्रोट्रूजन (एका जागी पुढे आलेला भाग), एक्स्ट्रूजन (कडा फाडून बाहेर आलेला गर) की सिक्वेस्ट्रेशन (तुटून सुटा झालेला तुकडा). ऐकायला शेवटचे दोन भयानक वाटतात, पण शरीर बऱ्याचदा ते तुकडे परके समजून गिळून टाकतं. मोठा, तुटून पडलेला तुकडा आपोआप विरघळण्याची शक्यता साध्या फुगवट्यापेक्षा कितीतरी जास्त असते. तीन, 'मोडिक' हा शब्द. गादीला लागून असलेल्या हाडातले हे बदल; प्रकार एक म्हणजे सूज, प्रकार दोन म्हणजे चरबी. रिपोर्टमध्ये ते लिहिले नसतील तर रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा. पुढे एका उपचाराची सगळी भिस्त त्यावर आहे.

चौथी पायरी: तीन महिने, पण खरे तीन महिने

दुखणं बारा आठवड्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट म्हणतात. "सगळं करून झालं, काही फरक नाही" असं म्हणणाऱ्यांना विचारलं की कळतं, सगळं म्हणजे दहा दिवस शेक, ट्रॅक्शन, बेल्ट आणि गोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये, ज्या जुन्या कंबरदुखीमागे दुसरा ठरावीक आजार सापडत नाही तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा, अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्सचं (कातडीवरून विजेचे हलके झटके देणारं) मशीन नेहमीच्या उपचारात वापरू नका असं सांगितलं आहे. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपीतून या चार गोष्टी काढल्या तर कधीकधी फक्त खुर्ची उरते.

खरे तीन महिने म्हणजे: शिकवून घेतलेला, हळूहळू वजन वाढवणारा व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी, रोज चालणं, तंबाखू, सिगारेट बंद (गादीचं तुटपुंजं पोषण निकोटीन आणखी आटवतं), झोप, आणि "वाकलो तर गादी फुटेल" ही भीती कमी करणं. पायाच्या दुखण्यात तर वाट पाहण्याला भक्कम आधार आहे. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना थांबवलं. वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते. लवकर शस्त्रक्रिया झालेले लवकर सुटले, हा फरक खरा, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतलीच. म्हणजे थांबणं हा पर्याय आहे, शिक्षा नाही.

पाचवी पायरी: आता सुया

*एपिड्यूरल स्टेरॉइड.* सगळ्यात जास्त दिलं जाणारं. पोटावर झोपवतात, कातडी बधिर करतात, सी-आर्म म्हणजे चालत्या एक्स-रेखाली सुई नसेच्या आवरणाबाहेरच्या जागेत नेतात, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून जागा बरोबर असल्याची खात्री करतात आणि मग स्टेरॉइड. तीन वाटा असतात: मधून, नस जिथून बाहेर पडते त्या छिद्रातून, किंवा माकडहाडाकडून. छिद्रातून दिलेलं औषध दुखऱ्या नसेच्या सर्वांत जवळ पोचतं.

काम काय करतं? नसेची सूज उतरवतं. गादी जागेवर नेत नाही. नव्या, तीव्र सायटिकेत काही आठवडे आराम देऊन तो कठीण काळ पार करायला मदत होते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये याच कामासाठी त्याला मान्यता दिली आणि निव्वळ कंबरदुखीसाठी इंजेक्शन देऊ नका असं बजावलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञगटाने तर जुनाट मणकेदुखीत, पायाच्या दुखण्यातही, एपिड्यूरल इंजेक्शनांच्या ठाम विरोधात शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांना ती मान्य नाही, वाद चालू आहे. माझं मत: पाय दुखतोय, दुखणं काही महिन्यांचंच आहे, एमआरआय जुळतोय, तर एक इंजेक्शन घेऊन बघायला हरकत नाही. पहिल्याने काहीच झालं नाही तर तेच पुन्हा का, याचं उत्तर डॉक्टरांकडून मिळायला हवं. "तीनचा कोर्स" हा हिशेब आधीच ठरवायला शास्त्राचा आधार नाही.

एक प्रश्न जरूर विचारा: "छिद्रातून देणार असाल तर स्टेरॉइड कुठलं?" कणदार स्टेरॉइड चुकून रक्तवाहिनीत गेलं तर क्वचित पण गंभीर इजा होते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये एपिड्यूरल स्टेरॉइडबाबत तसा इशारा दिला होता. म्हणून या वाटेने आधी डेक्सामेथासोनसारखं बिनकणांचं औषध वापरायची पद्धत आहे.

*गादीच्या आत जाणारे उपचार.* याचा इतिहास मजेशीर आहे. १९६० च्या दशकात पपईच्या चिकातला एक एन्झाइम गादीत टोचून गर विरघळवायला सुरुवात झाली. मांस मऊ करायला कच्ची पपई लावतात, त्यातलीच ही गोष्ट. अनेकांचा पाय सुटला, पण काहींना जीवघेणी ॲलर्जी आली, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते औषध गेलं. जपानमध्ये त्याच कल्पनेवरचं दुसरं एन्झाइम २०१८ पासून वापरात आहे.

दरम्यानच्या काळात गादी तापवणारी तार आली, लेझर आला, रेडिओलहरींनी गर उडवणारी न्यूक्लिओप्लास्टी आली. तापवणाऱ्या तारेचा एका चाचणीत थोडा फायदा दिसला, दुसऱ्या चाचणीत लुटुपुटीच्या उपचाराइतकाच. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या इंजेक्शनाचं तर असं झालं की २०१० च्या चिनी चाचणीत चमत्कार वाटावा असे आकडे आले, आणि नंतर डच डॉक्टरांनी तेच करून पाहिलं तेव्हा खोट्या इंजेक्शनाहून फरक दिसला नाही.

ओझोन आपल्याकडे जोरात आहे. ऑक्सिजन-ओझोनचं मिश्रण गादीत सोडलं की गर आकसतो, नसेवरचा दाब कमी होतो. इटलीत याचा मोठा अनुभव आहे आणि पायाच्या दुखण्यात, कडेच्या आत अजून धरलेल्या लहान फुगवट्यात, काही चाचण्यांचे निकाल चांगले आहेत. अमेरिकेच्या नियमांत मात्र ओझोनला वैद्यकीय उपयोग नसलेला विषारी वायू म्हटलं आहे. म्हणजे ओझोन ऐकल्यावर लगेच नाही म्हणू नका, पण "ओझोनने गॅप भरते" असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

गादीत सुई जाते त्या प्रत्येक उपचारात जंतुसंसर्गाची थोडी शक्यता असते, आणि गादीत रक्त कमी म्हणून तो बरा व्हायला महिने लागतात. शिवाय निव्वळ तपासणीसाठी गादीत डाय टोचलेल्यांच्या गाद्या दहा वर्षांनी इतरांपेक्षा जास्त झिजलेल्या आढळल्या, असा २००९ चा एक अभ्यास आहे. सुई बारीक असली तरी गादी ते विसरत नाही.

*बेसिव्हर्टेब्रल नस जाळणं.* निव्वळ कमरेच्या दुखण्यासाठी, पायासाठी नव्हे, असा विचार करून बनलेला हा उपचार. मणक्याच्या मागच्या खांबातून हाडाच्या मध्यापर्यंत नळी नेऊन तिथली नस सुमारे ८५ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं तापवून बंद करतात. गादीला हातच लागत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. अटी कडक आहेत: किमान सहा महिन्यांचं दुखणं, इतर उपचार थकलेले, आणि एमआरआयवर मोडिक प्रकार एक किंवा दोन. मोडिक नसेल तर हा उपचार तुमचा नाही. नेहमीच्या उपचारांशी केलेल्या तुलनेत निकाल उठून दिसले. खोट्या शस्त्रक्रियेशी केलेल्या तुलनेत फरक इतका स्पष्ट नव्हता, आणि या चाचण्यांमागे उपकरण बनवणारी कंपनी होती. तरीही गादीच्या कंबरदुखीसाठी आजघडीला विचार करण्यासारखं काही असेल तर ते हे, असं मला वाटतं. मोडिकवर तीन महिने अँटिबायोटिक देण्याची एक लाट आली होती. नॉर्वेच्या २०१९ च्या चाचणीत तिचा सांगण्यासारखा उपयोग दिसला नाही.

*पीआरपी आणि स्टेम सेल.* पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातला प्लेटलेटचा दाट भाग. लहान चाचण्यांत आशा, मोठा पुरावा नाही. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी; त्यांच्याबद्दल एकच लक्षात ठेवा: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हा प्रस्थापित उपचार नाही, तो मंजूर चाचणीतच देता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नसतात. पावती फाडून "गादी नव्याने उगवेल" म्हणणाऱ्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.

*दुर्बिणीतून डिसेक्टमी.* ही शस्त्रक्रियाच, पण छेद एक सेंटिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा रुग्ण जागा. बाजूने नळी घालून नसेवर आलेला तुकडा चिमट्याने काढतात. नेदरलँड्समधल्या ६१३ रुग्णांच्या चाचणीत, २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा, वर्षभरानंतर पायाच्या दुखण्यात हा उपचार नेहमीच्या मायक्रोडिसेक्टमीपेक्षा (लहान छेदातून तुकडा काढण्याची प्रचलित शस्त्रक्रिया) कमी पडला नाही. दोन्हींतलं काय निवडायचं ते सर्जनचा हात कशावर बसलाय यावर ठरवा, दुर्बिणीचं तंत्र शिकायला वेळ लागतो, म्हणून "अशा किती केल्यात?" हा प्रश्न संकोच न करता विचारायचा. काही जणांत गर पुन्हा बाहेर येतो, हे कुठल्याही पद्धतीत होतं. आणि पुन्हा तेच: तुमच्या कागदावर "नव्वद कंबर, दहा पाय" असेल तर तुकडा काढून कंबर सुटेल ही अपेक्षा ठेवू नका.

सहावी पायरी: तारीख ठरण्यापूर्वी

सल्ल्याला जाताना कागद, एमआरआयची सीडी (नुसता रिपोर्ट नव्हे) आणि औषधांची यादी न्या. विचारायचं एवढंच: हा उपचार माझ्या कमरेसाठी की पायासाठी? आराम किती टिकणं अपेक्षित आहे? नाही जमलं तर पुढे काय? सगळा खर्च लेखी मागा: सी-आर्म, भूल, उपकरण धरून. विमा असेल तर कंपनीला उपचाराचं नेमकं नाव कळवून आधी मंजुरी घ्या. डे केअरच्या यादीत नाव नाही म्हणून दावा अडकल्याची गोष्ट प्रत्येक सोसायटीत एक तरी असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्या काही दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात, पण हृदयात स्टेंट असताना स्वतःच्या मनाने बंद करणं पाठदुखीपेक्षा फार महागात पडेल. हृदयाच्या डॉक्टरांचा होकार लागतो. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर चढते, म्हणून घरी मोजायची तयारी ठेवा, आणि आधीच साखर बेफाम असेल तर तारीख पुढे ढकला. गरोदरपणाची शक्यता, डायची ॲलर्जी, अंगात कुठेही चालू असलेला संसर्ग, दाताचा गळू सुद्धा, सांगायचा. सोबत कुणीतरी हवं. स्वतः स्कूटर चालवत परत येणं नको.

सातवी पायरी: घरी आल्यावर

बधिरीकरणाचा परिणाम असेपर्यंत पाय काही तास जड वाटेल, आधार घेऊन चाला. भूल उतरल्यावर दोन-तीन दिवस दुखणं उलट वाढल्यासारखं वाटू शकतं. स्टेरॉइडला काम करायला काही दिवस लागतात. अंथरुणावर पडून राहू नका. सुईच्या उपचारानंतर एक-दोन दिवसांत चालणं सुरू, डिसेक्टमीनंतर सर्जन सांगतील तसं. आणि आराम मिळाला की व्यायाम सोडू नका; ते आरामाचे दिवस व्यायाम वाढवण्यासाठीच विकत घेतलेले असतात. मी माझे ते दोन आठवडे गणपतीच्या मखराची सामानं उचलण्यात घालवले.

वाढत जाणारी कंबरदुखी आणि ताप, उभं राहिल्यावर फुटणारं आणि आडवं झाल्यावर थांबणारं डोकं, पायात नवी कमजोरी, लघवीचा त्रास: यांतलं काहीही झालं तर उद्याची ओपीडी बघू नका, फोन करून लगेच जा. संसर्ग आठवड्या-दोन आठवड्यांनी सुद्धा डोकं वर काढतो, म्हणून "सुई घेऊन बरेच दिवस झाले" हे कारण धरू नका.

कॅलेंडरच्या मागच्या पानावर रोज रात्री दोन आकडे लिहा, कमरेचा आणि पायाचा, शून्य ते दहा, आणि शेजारी त्या दिवशी किती मिनिटं सलग बसता आलं. सहा आठवड्यांनी ते पान घेऊन डॉक्टरांसमोर बसा. दुसरं इंजेक्शन घ्यायचं की नाही, ते त्या पानावरूनच ठरवा.